कचरापट्टीतून वीज : देवनारच्या सव्वाशे वर्षांचा हिशेब

देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर कचऱ्यापासून वीज तयार करण्याचा प्रकल्प आखला गेला आहे. दररोज ६०० टन कचरा भट्टीत जाळायचा, त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचे, अशी ही योजना. कंत्राट २०२० च्या अखेरीस दिले गेले. खर्चाचा आकडा सुमारे १,०५६ कोटी रुपये. आणि त्यातून मिळणारी वीज किती, तर पहिल्या जाहीर आकड्यांनुसार ४ मेगावॉट. मुंबईची विजेची कमाल मागणी तीन हजार मेगावॉटच्या पुढे जाते. म्हणजे हजारातला जेमतेम एक भाग.

एवढ्याशा विजेसाठी कोणी हजार कोटी मोजत नाही. मग हे हजार कोटी कशासाठी मोजले जात आहेत, हा प्रश्न आंबेडकरी तरुणांनी विचारायला हवा. वर्तमानपत्रांत या प्रकल्पाची चर्चा होते ती तंत्रज्ञानाची, निविदांची आणि मुदतवाढीची. ज्यांच्या उशाशी हे धुराडे उभे राहणार आहे, त्यांचा त्या चर्चेत उल्लेख आलाच तर 'स्थानिक रहिवासी' एवढाच. हे स्थानिक रहिवासी तिथे आले कसे, त्यांना आणले कोणी, आणि कचरा व माणसे एकाच पत्त्यावर कशी पोचली, हा इतिहास बाजूला ठेवून देवनारच्या भट्टीबद्दल बोलणे म्हणजे अर्धे बोलणे होय. म्हणून आम्ही मागून सुरुवात करतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. इंग्रज सरकारने घरे उघडी पाडली, माणसे उचलून नेली, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करून गरिबांच्या दाट वस्त्या पाडायला सुरुवात केली. तोपर्यंत मुंबईचा कचरा मुंबईतच जिरत असे. बेटावरच्या सखल जागा आणि खाजणे त्याच कचऱ्याने भरली जात. प्लेगच्या भीतीने धनिकांना तो शहराबाहेर हवा झाला. म्युनिसिपालिटीने देवनार गावची आठशेहून अधिक एकर दलदल घेतली आणि जून १८९९ मध्ये कचऱ्याने भरलेले रेल्वेचे डबे पहिल्यांदा तिकडे रवाना झाले. चेंबूरला प्रवासी गाडी सुरू व्हायला १९२४ साल उजाडले. या भागात माणसांच्या आधी पाव शतक रेल्वेने कचरा पोचला होता!

ते डबे भरत कोण होते? मैला वाहणाऱ्यांना सरकारी कागदांत 'हलालखोर' म्हणत. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा स्वतंत्र कर होता. म्हणजे एका समूहाचे काम थेट कायद्याच्या कलमात नोंदवलेले होते. झाडलोट आणि कचरा उचलणारे ते 'बिगारी'. हलालखोर बहुतांश गुजरात-काठेवाडकडून आलेल्या मेहतर व मेघवाळ जातींतले, तर बिगाऱ्यांत कोकण आणि देशावरून आलेल्या महारांचा मोठा भरणा. हा शब्द नीट पाहा. बिगारी म्हणजे वेठबिगार करणारा. गावात वेठीला धरला जाणारा महार बोटीने नाही तर पायी मुंबईत आला, तिथे त्याला नोकरी मिळाली, पगार मिळाला, पण हुद्द्याचे नाव वेठीचेच राहिले. नोटीस न देता सफाईकाम सोडले तर तो गुन्हा, अशा तरतुदी त्या काळच्या अनेक प्रांतांच्या म्युनिसिपल कायद्यांत होत्या. इतर कामगाराने काम सोडले तर पगार बुडतो, सफाई कामगाराने सोडले तर तुरुंग. बाबासाहेबांनी या अन्यायावर वारंवार बोट ठेवले आहे. जातिव्यवस्था कामाची विभागणी करत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून खालीवर रचते, हे त्यांचे विश्लेषण ज्याला पुस्तकातून कळत नसेल त्याने जुन्या मुंबई म्युनिसिपालिटीचे सफाई खाते अभ्यासावे.

महापालिकेच्या कागदांत देवनार डम्पिंग ग्राउंडचे वय १९२७ पासून मोजतात. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला परिषद झाली. मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस खाणे सोडा, गावची घाण काढण्याचे काम जन्माने आपल्यावर लादले गेले आहे ते झुगारा, हा संदेश तिथून महाराष्ट्रभर गेला. आम्ही याला योगायोगापेक्षा जास्त काही म्हणत नाही, कारण महाडचा आणि देवनारचा थेट संबंध नाही. पण खेड्यातले आमचे आजे-पणजे घाणीचे काम नाकारत असताना त्यांच्यातलेच काही शहरात म्युनिसिपालिटीच्या गाड्यांवर तेच काम करत होते, हे वास्तव आहे. बाबासाहेबांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. काम नाकारण्याची चळवळ आणि काम करणाऱ्यांच्या हक्काची चळवळ, दोन्ही त्यांनी एकाच वेळी चालवल्या. आजच्या आपल्या अनेक कार्यकर्त्यांना यातली एकच आठवते.

स्वातंत्र्यानंतर कचऱ्याच्या पाठोपाठ माणसे आली. 'आली' हे क्रियापद इथे चुकीचे आहे, त्यांना आणून टाकले गेले. शहरातून हटवलेल्या झोपडपट्ट्यांतली माणसे मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीत वसवली गेली. तीस वर्षे होत आली नाहीत तोच ती जागा अणुऊर्जा खात्याला हवी झाली. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीत, पोलीस बंदोबस्तात सुमारे ७० हजार माणसांची ती वस्ती जमीनदोस्त करून त्यांना चीता कॅम्पच्या चिखलात नेऊन सोडले. १९७१ मध्ये बांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवला. त्याच्या मागे खाटीक, कातडे कमावणारे, हाडे वेचणारे आले. शिवाजीनगर, बैंगनवाडी उभी राहिली ती डम्पिंगच्या कडेला, बरीचशी कचऱ्याच्याच भरावावर. पुढे रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांचे विस्थापित लल्लूभाई कंपाउंड आणि वाशी नाक्याच्या इमारतींत कोंबले. तानसा जलवाहिनीलगतची माणसे माहुलच्या रिफायनऱ्यांशेजारी पाठवली. माहुलची हवा राहण्यालायक नाही म्हणून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांना दुसरीकडे घरे द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या.

नावे पाहिली तर यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वडार-पारधी आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे मुसलमान आहेत, तामिळनाडूचे दलित आहेत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, मुंबईच्या सगळ्या वॉर्डांत तळाचा. सरासरी आयुर्मानाचा जो आकडा त्यातून पुढे आला तो होता ३९ वर्षे. मलबार हिल आणि गोवंडी यांच्यामध्ये वीस किलोमीटरही नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहरात जायला सांगितले, कारण खेडे म्हणजे जातीचा कोंडवाडा. लोक शहरात आले. शहराने त्यांच्यासाठी महारवाड्याची जागा शोधली ती डम्पिंगच्या कडेला. गावकुसाबाहेर ती पूर्वेला असे, इथेही पूर्वेलाच आहे.

२८ जानेवारी २०१६ रोजी देवनारचा डोंगर पेटला. धूर इतका की नासाच्या उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. कित्येक दिवस आग विझेना, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. यापूर्वी देवनार कधी पेटले नव्हते असे नाही. कचऱ्याच्या पोटात मिथेन तयार होतो आणि तो डोंगर अधूनमधून धुमसतच असतो. गोवंडीची पोरे त्या धुरात वाढली. यावेळी फरक एवढाच झाला की वारा वळला आणि धूर बाकीच्या मुंबईत गेला. मग मात्र चर्चा झाली, दिल्लीपर्यंत झाली. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था होत नाही तोवर मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. शहराच्या इतिहासात बिल्डरांना कचऱ्याची आठवण पहिल्यांदा झाली ती त्या दिवशी. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी सशर्त शिथिल केली.

आग कोणी लावली? बोट लगेच दाखवले गेले ते कचरा वेचणाऱ्यांकडे आणि भंगारवाल्यांकडे. तार जाळून तांबे काढतात, म्हणून आग लागते. अटका झाल्या, भिंत उंच झाली, कॅमेरे बसले, वेचकांचा प्रवेश बंद झाला. काही भंगार व्यापारी दादागिरी करत होते हे खरे, त्यांची वकिली आम्ही करणार नाही. परंतु ओला-सुका वेगळा न करता शतकभर एकाच जागी कचरा ओतत राहणारी जी यंत्रणा आहे तिच्यातला एकही अधिकारी गजाआड गेला नाही. गजाआड गेला तो डोंगरावरचा माणूस.

या आगीनंतर वीजप्रकल्पाला वेग आला. आधीचा आराखडा होता दररोज ३,००० टन जाळण्याचा. निविदा काढल्या, मुदती वाढवल्या, कंपन्या पुढे येईनात. शेवटी ३,००० चे ६०० टन झाले, तेव्हा कुठे कंत्राट गेले. कंपन्या का येत नव्हत्या हे समजून घेण्यासाठी दिल्लीला जावे लागेल, कारण हा खेळ तिथे आधी होऊन गेला आहे.

दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभारला गेला. तंत्रज्ञान डेन्मार्कचे. क्षमता दररोज ३०० टन, वीज पावणेचार मेगावॉट. तो चालला किती? सुमारे तीन आठवडे. यंत्र बनवताना धरले होते की एक किलो कचऱ्यातून साधारण चौदाशे-साडेचौदाशे किलोकॅलरी उष्णता निघेल. प्रत्यक्षात दिल्लीचा कचरा सहाशे-सातशेच्या पुढे जाईना. कारण साधे आहे. आपल्या घरातल्या कचऱ्यात भाजीची देठे, उरलेला भात, फळांच्या साली, चहाचा चोथा, नारळाच्या करवंट्या. मुंबईच्या कचऱ्यात ओल्याचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर असल्याचे पालिकेचेच पर्यावरण अहवाल सांगत आले आहेत. वर माती, बांधकामाचा राडा आणि पावसाळ्याचे चार महिने. असला ओला कचरा पेटवायचा तर आधी त्यातले पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते, आणि कधी वरून डिझेल ओतावे लागते. ओली लाकडे चुलीत घालून पाहिलेल्या कोणत्याही बाईला हे कळते. इंजिनियरांना ते कळायला काही कोटी रुपये लागले.

समर्थक लगेच कोपनहेगनचे नाव घेतात. तिथे कचरा जाळणाऱ्या कारखान्याच्या छपरावर २०१९ पासून लोक बर्फावरून घसरावे तसे घसरतात, म्हणे. खरे आहे. पण तिथला कचरा कोरडा, वेगळा केलेला, आणि कारखान्याची उष्णता पाइपातून घराघरांत थंडीत पोचवली जाते. गोवंडीला हिवाळ्यात घर गरम करायची गरज नाही, मे महिन्यात पत्र्याखाली काय होते ते विचारा. आणि दुसरे, त्यांनी तो कारखाना राजधानीत मिरवायच्या जागी बांधला. इथे कोणी वाळकेश्वरला धुराडे बांधून दाखवावे, छपरावर घसरायला आम्हीही येऊ.

दिल्लीनेच पुढे ओखल्याला दुसरा प्रकल्प काढला. २०१२ पासून तो चालू आहे, सुरुवातीला १६ मेगावॉटचा. शेजारी सुखदेव विहारची मध्यमवर्गीय वसाहत. शिकलेली, इंग्रजी बोलणारी, वकील करू शकणारी माणसे न्यायालयात गेली, हरित लवादात गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये लवादाने प्रदूषणाबद्दल कंपनीला २५ लाखांचा दंड केला आणि कारखाना चालू ठेवायला परवानगी दिली. सुखदेव विहारची ही गत, तर शिवाजीनगरच्या प्लॉट नंबर अमुकवरच्या बाईची कोण दाद घेणार, याचा विचार करावा.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. भात-भाजी जळत नाही, तर भट्टीत जळते काय? प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा, कागद, कापड, रबर, थर्माकोल, लाकूड. आणि कचरा वेचणारी बाई डोंगरावरून वेचते काय? पुठ्ठा, कागद, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, वर काच-पत्रा. ही यादी जवळजवळ एकच आहे. भट्टीला हवा असलेला कचरा आणि वेचणाऱ्या बाईच्या पोटाला हवा असलेला कचरा एकच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी म्हटले होते की पुन्हा वापरता न येणारा आणि किलोला किमान १,५०० किलोकॅलरी उष्णता देणारा कचराच विजेसाठी वापरावा. कागदावर हे चांगलेच आहे. पण पुन्हा वापरता येणारे सगळे प्रामाणिकपणे काढून घेतले आणि ओल्याचे खत केले, तर उरलेल्यात १,५०० किलोकॅलरीचा भरपूर माल उरत नाही. म्हणून ठेकेदाराला आतून एकच गरज असते, की कचरा वेगळा होऊ नये, बाटली आणि पुठ्ठा वेचला जाऊ नये, सगळे त्याच्या भट्टीत यावे. एकदा पंधरा-वीस वर्षांच्या कराराने दररोज ६०० टन द्यायचे बांधून घेतले, की पालिकेलाही वर्गीकरण वाढवण्यात रस उरत नाही. वेचकांचा प्रवेश आगीनंतर सुरक्षेच्या नावाखाली बंद केला, त्याचा अर्थ आता उलगडतो. आधी माणसे हटवली, नंतर त्यांच्या मालाचा मालक बदलला.

धुराचे काय? योग्य तापमान, योग्य गाळण्या असतील तर धूर मर्यादेत ठेवता येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाचे जे विष तयार होते, ते धूळ किंवा सल्फरसारखे चिमणीवरच्या यंत्रात दर मिनिटाला दिसत नाही. त्याचा नमुना अधूनमधून घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. मधल्या काळात भट्टी कशी चालली, हे कोणी सांगत नाही. शिवाय जाळल्यावर राख उरतेच. जेवढे टाकले त्याच्या पाव-पंचमांश वजनाची. गाळणीत अडकलेली बारीक राख तर घातक कचऱ्यातच मोडते. ती कुठे जाणार? ज्या शहराला सव्वाशे वर्षांत कचऱ्यासाठी देवनारपलीकडे फारसे सुचले नाही, ते राखेसाठी कुठला पत्ता शोधणार, हे आपण ओळखू शकतो.

हिशेबाच्या वहीत आणखी एक ओळ. २०१५ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने कचऱ्यापासूनच्या विजेला ठरवलेला दर युनिटला सात रुपयांच्या वर होता. सूर्याची वीज त्यानंतर तीन रुपयांच्याही खाली उतरली. म्हणजे महाग वीज घ्यायची, वर पालिकेने भांडवल द्यायचे, जागा फुकट द्यायची, कचरा फुकट द्यायचा, आणि याला 'संपत्तीत रूपांतर' म्हणायचे. संपत्ती कोणाची, एवढेच सांगत नाहीत.

विजेचा विषय निघाला आहे तर बाबासाहेबांचे नाव घेतलेच पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते आणि वीज व पाटबंधाऱ्यांचे नियोजनही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी जी मांडणी केली तिचा आशय असा, की वीज स्वतःसाठी नको आहे. ती स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही. वीज सरकारच्या हाती असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले त्यामागे हीच दृष्टी होती. देवनारची वीज या कसोटीवर लावून पाहा. ती स्वस्त नाही, मुबलक नाही, आणि तिच्यामुळे दारिद्र्यातून सुटणार कोण, तर एकही माणूस दाखवता येत नाही.

इथे आमच्याच काही मित्रांचा आक्षेप येतो. तो गंभीर आहे, म्हणून त्याला टाळणार नाही. ते म्हणतात, तुम्ही कचरा वेचण्याच्या धंद्याची बाजू घेता, म्हणजे जातीने लादलेले काम टिकवू पाहता. बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते. यंत्र आले आणि आमच्या आयाबहिणींचा हात कचऱ्यातून निघाला तर वाईट काय?

वाईट काहीच नाही. बाबासाहेबांनी गांधीवाद्यांच्या यंत्रविरोधाची आणि भंगीकामाला पवित्र ठरवणाऱ्या भाषेची चिरफाड केली आहे, आणि आम्ही त्यांच्याच बाजूला उभे आहोत. गटारात माणूस उतरू नये, यंत्र उतरावे, ही आमची मागणी आहे. आमची कोणतीही पोर डोंगरावर बाटल्या वेचत मोठी होऊ नये, हीसुद्धा. पण यंत्र माणसाच्या जागी आले तर त्या माणसाला कुठली जागा मिळाली, हे विचारणे म्हणजे यंत्रविरोध नव्हे. देवनारच्या भट्टीने त्या बाईचा हात कचऱ्यातून काढला नाही, तिच्या हातातला पुठ्ठा काढला. ती आता भिंतीच्या बाहेर, नाल्याच्या कडेला, गाडीतून सांडलेले वेचते. काम तेच, जोखीम जास्त, कमाई कमी.

महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासद बहुतांश दलित समाजातल्या स्त्रिया. ओळखपत्रे मिळवली, आरोग्य विमा मिळवला, आणि पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. दारातच ओला-सुका वेगळा झाला तर डोंगर मुळातून कमी होतो, हे त्या बायांनी कोणत्याही सल्लागार कंपनीशिवाय सिद्ध केले. यातही उणीव आहे, तीही सांगतो. काम सन्मानाचे झाले तरी ते त्याच जातीच्या हाती राहिले. पालिकेच्या आस्थापनेवरची पगारी नोकरी, पेन्शन, रजा यांची बरोबरी कोणत्याही कराराने होत नाही. आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला ऑगस्ट २०२३ मध्ये १४ मेगावॉटच्या वीजप्रकल्पाचे उद्घाटन झाले, तेव्हा मंचावर कोण होते आणि कोण नव्हते हे सांगायला नको.

मुंबईत कायम नोकरीची वाट कचरा वाहतूक श्रमिक संघाने दाखवली. कंत्राटदारांनी सफाई कामगारांना कामगार म्हणायचेच नाही अशी युक्ती काढली होती. कंत्राटदार झाला 'स्वयंसेवी संस्था', कामगार झाला 'स्वयंसेवक' आणि पगार झाला 'मानधन'. हलालखोर, बिगारी, स्वयंसेवक. नावे बदलत गेली. सुधारक ओलवे यांनी काढलेली या कामगारांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना स्वयंसेवेचा हा प्रकार काय असतो ते वेगळे सांगावे लागणार नाही. संघाने वीस वर्षे लढा दिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. त्यांत बहुसंख्य आपलेच. वीस वर्षांत किती जण निकाल न पाहताच गेले, ते त्या कुटुंबांना विचारावे.

आता देवनारवर पुढचा डाव मांडला जात आहे. धारावी पुनर्विकासासाठी डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. जुन्या कचऱ्याचा अंदाज १८५ लाख टनांचा, तो उपसण्याचा खर्च दोन हजार कोटींच्या पुढे. धारावीत चर्मकार, कुंभार, तामिळ दलित, मुसलमान कारागीर यांची वस्ती. त्यांच्यातले जे 'अपात्र' ठरतील त्यांची घरे धारावीबाहेर होणार, आणि त्यासाठी शोधलेल्या जागांत देवनार आहे. म्हणजे १९७६ ला जे चीता कॅम्पला झाले तेच पुन्हा, फक्त यावेळी सोबत भट्टी आहे. एकीकडे कचरा उपसून माणसे ठेवायची, दुसरीकडे त्याच आवारात रोज ६०० टन नवा कचरा आणून जाळायचा.

गोवंडीतल्या रुग्णालयीन कचरा जाळणाऱ्या कारखान्याचा अनुभव ताजा आहे. २००९ पासून तो वस्तीच्या शेजारी चालला. रहिवाशांनी तक्रारी केल्या, मोर्चे काढले, शेवटी जनहित याचिका केली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत हलवायला सांगितला. रायगड जिल्ह्यात. रायगडमध्ये तो कोणाच्या शेजारी बसणार, याचाही शोध आपणच घेतला पाहिजे. गोवंडीची सुटका झाली म्हणून विषय संपत नाही.

एम-पूर्वमधल्या आणि बाहेरच्याही कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे, की या प्रकल्पाला नुसता 'विरोध' म्हणून निवेदन देऊन फोटो काढू नका. माहितीच्या अधिकारात करार मागा. पालिकेने रोज किती कचरा द्यायचे कबूल केले आहे आणि कमी पडला तर दंड कोणाला, ते पाहा. भट्टीचा किमान उष्मांक किती धरला आहे, आणि तो गाठायला प्लास्टिक-पुठ्ठा लागणार की नाही, ते पाहा. डायॉक्सिनची तपासणी वर्षातून किती वेळा आणि कोणत्या प्रयोगशाळेत होणार, राख कुठल्या गावाच्या हद्दीत जाणार, हे लेखी घ्या. २०१६ च्या नियमांनी कचरा वेचकांची नोंद करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी पालिकेवर टाकली होती. देवनारमध्ये अशा किती जणांची नोंद झाली, आणि त्यांच्यापैकी किती जणांना या १,०५६ कोटींच्या कारखान्यात कायम नोकरी देण्याचे कलम करारात आहे, ते पहिल्या अर्जात विचारा.